पिशवी उलटी झाली त्या दिवशी

तुम्ही कधी कुणाचा फोन नुसता हात झटकून उडवून लावला आहे का? लावला असेल तर जरा सरसावून बसा. मी ललित मास्तरांच्या मनगटावरचं घड्याळ बोलतोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सुरतेतल्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथला दुकानदार मला हातात घेऊन म्हणायचा, "नई घडी है, मेडम. फोन भी उठाती है." म्हणून मी माझं नाव घडी असंच धरून चाललो. मास्तरांच्या बायकोने, मनीषावहिनींनी, मला नवऱ्यासाठी पसंत केलं. कामाच्या गडबडीत त्यांना फोन घेता येत नाही, निदान हातावर तरी दिसेल, हा त्या बिचारीचा हिशेब.

मास्तर सुरतेजवळच्या सचिन गावात एका साडीच्या हॉलवर देखरेखीला होते. तीस-चाळीस बाया फळ्यांपुढे बसून साड्यांच्या घड्या घालायच्या, बंडलं बांधायच्या. बहुतेक खानदेशातल्या, जवळच्या भेस्तान वस्तीत राहणाऱ्या. मास्तरही त्यांच्याच मुलखातले, म्हणून त्या त्यांना भाऊ म्हणायच्या.

माझ्यात एक सोय होती. फोन वाजला की अंगठा आणि बोट दोनदा जुळवलं तर तो उचलला जाई, मनगट दोनदा झटकलं तर कटे. मास्तरांना पहिली खूण कधी लागलीच नाही. झटकायला मात्र त्यांना फार आवडायचं. दारातल्या कुत्र्याला हाड करावं तसं ते झटकत. वहिनींचा फोन आला, झटक. म्हाताऱ्या आईचा आला, झटक. एखाद्या बाईचं लेकरू तापाने फणफणलंय, तिला सुट्टी मागायची आहे, झटक. प्रत्येकाचं नाव आधी माझ्या तोंडावर उजळायचं, म्हणून ते विझताना मला लागायचं. माझी थरथरही त्यांना नकोशी झाली, तेव्हा त्यांनी ती अगदी मंद केली आणि आवाज शून्यावर नेऊन ठेवला. हे लक्षात ठेवा.

त्या बायांमध्ये तारा नावाची एक होती. मास्तरांनी फोनमध्ये तिचं नाव 'तारा घडी' असं ठेवलं होतं, तारा नावाच्या दोघी होत्या आणि ही घडीच्या कामावरची. मला मात्र वाटायचं, हिचंही नाव घडी, माझंही घडी, म्हणजे आमचं काहीतरी नातं आहे. तिच्या हाताची घडी अशी बसायची की काठावर काठ, सुतभर इकडे-तिकडे नाही.

एका सोमवारी तिच्या बंडलातली एक राणी रंगाची साडी कमी भरली. मास्तरांनी सगळ्यांसमोर तिची पिशवी मागून घेतली आणि उलटी केली. डबा पडला, फणी पडली, फडक्यात बांधलेली अर्धी भाकर पडली. साडी नव्हती. तरी मास्तर म्हणाले, बाहेर पोचवली असशील, उद्यापासून येऊ नको. तारा खाली बसून भाकरीची धूळ झटकत राहिली. भेस्तानच्या गल्लीत तिच्या आधी तिची बातमी पोचली. चोर म्हणून नाव झालेल्या बाईला सुरतेत दुसरा कुठला हॉल दारात उभा करील?

पिशवी उलटी करणाऱ्या हातावर मीच होतो. आणि शनिवारी संध्याकाळी हीच साडी शर्टाच्या आत सरकवणाऱ्या हातावरही मीच होतो. जरीचा काठ माझ्या काचेला घासला होता. पण मला वाचा कुठे होती? मी त्याच दिवशी मनात म्हटलं, मास्तर, एक दिवस माझाही येईल.

तो तीनच दिवसांत आला. गुरुवारी सकाळी कंपनीने आम्हा सगळ्या घड्याळांमध्ये सुधारणा धाडली. खुणा उलट्या झाल्या. आता झटकलं की फोन उचलला जाणार, आणि बोलणं चालू असताना झटकलं की आवाज वाढणार. सोबत भली मोठी सूचना होती. मास्तरांनी ती न वाचताच 'ठीक आहे' दाबलं.

लोकांनी मात्र नुसता कल्लोळ केला. कुणी म्हणे भाजीचे हात झटकले तर फोन लागला, कुणी म्हणे टाळ्या वाजवल्या तर साहेबांचा फोन उचलला गेला. माल रवाना करणाऱ्या अक्षयकडे माझाच भाऊबंद होता. तो त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर मास्तरांना सांगायला आला.

"मास्तर, वाचलं का? आता झटकू नका. आज दुपारी माझ्या सासूने अर्धा तास माझं कीर्तन ऐकलं. तिच्यावरचंच होतं."

मास्तर म्हणाले, "तू आता मला हात हलवायला शिकवशील?"

अक्षय हसून गेला. जाता जाता म्हणाला की तक्रारी इतक्या गेल्यात, कंपनी शनिवारी जुनी रीत परत आणणार आहे. मी ते ऐकलं आणि मनातल्या मनात दिवस मोजले. माझ्या हातात फक्त शुक्रवार होता.

शुक्रवारी मास्तर दुपारीच घरी आले. वहिनींपुढे त्यांनी राणी रंगाची साडी ठेवली आणि सेठने खूश होऊन दिली म्हणून सांगितलं. वहिनींनी ती छातीशी धरली. तेवढ्यात माझ्या तोंडावर नाव उजळलं, 'तारा घडी'. मास्तरांनी तोंड वाकडं केलं आणि मनगट दोनदा झटकलं.

फोन लागला. मी अगदी मंद थरथरलो, त्यांनीच ठरवून दिलं होतं तेवढा. त्यांना कळलं नाही.

तारा हॉलचे मालक भूपेंद्रभाई सेठ यांच्यासमोर उभी होती. ती सकाळपासून त्यांच्या दुकानात हात जोडून बसली होती, आणि शेवटी सेठ म्हणाले होते, लाव मास्तरला, माझ्यासमोर विचारू. तिने स्पीकर लावला होता. ती "भाऊ" म्हणणार, एवढ्यात इकडून वहिनींशी बोलणाऱ्या मास्तरांचा आवाज गेला.

"आठे घडी मोडू नको. शिरपूरले लगीनमा मोडजो."

मी ते माझ्यावर घेतलं. घडी मोडू नको, तिकडे मोड! म्हणजे हा मला लग्नात नेऊन फोडणार? वहिनींनी विचारलं, इथे का नको? मास्तर हसले.

"आठे कोनी वळखी लेई. बंडल तारानं, नाव बी तारानं. आपलं काय जास?"

पलीकडे सेठने हळूच विचारलेलं मला माझ्या पोटात ऐकू आलं, "कौनसी घडी तोडने को बोलता है?"

तारा म्हणाली, "घडी मोडना मतलब नई साडी पहली बार पहनना, सेठ. मेरी साडी."

तेव्हा मला कळलं की ती घडी मी नव्हतो. सेठना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. मास्तरांची अहिराणी आणि सेठची गुजराती मावसबहिणी आहेत.

वहिनींनी साडी छातीवरून खाली ठेवली होती. मास्तरांनी वेळ पाहायला मनगट वर केलं. माझ्या तोंडावर वेळ नव्हती. 'तारा घडी' होतं, आणि खाली मिनिटं पळत होती. मास्तरांनी झटकलं. आवाज चढला. पुन्हा झटकलं, आणखी चढला. ते घाबरून झटकत राहिले आणि मी वाढत राहिलो, इतका की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

तारा ओरडली नाही. तिचा आवाज तसाच होता, घडीसारखा सरळ.

"ललितभाऊ, उद्या तुमची पिशवी घेऊन या. मी उलटी करीन. सगळ्या बायांसमोर."

सेठ फक्त म्हणाले, "आठ बजे. लेके आना."

मास्तरांनी मला काढलं आणि भिंतीवर आपटलं. काच तडकली. शेवटी त्यांनी घडी मोडलीच, पण साडीची नव्हे. वहिनींनी साडी जशी होती तशी, घडी न मोडता, नवऱ्याच्या पिशवीत भरली. वर डबा ठेवला. मग मला उचललं आणि डब्याशेजारी टाकलं.

शनिवारी सगळ्या घड्याळांना जुनी रीत परत मिळाली म्हणतात. माझ्यापर्यंत ती पोचली नाही, आणि मला तिचं दुःख नाही. एवढंच सांगतो, फोन घ्यायचा नसेल तर घेऊ नका, पण माणसाला झटकू नका. तुमच्या हातावर काय बसलंय, ते काय काय पाहतंय, याचा जरा विचार करा.

त्याच शनिवारी सकाळी आठ वाजता ताराने मास्तरांची पिशवी हॉलच्या मधोमध उलटी केली. डबा पडला, साडी पडली, मग मी पडलो. तिने साडी उचलून फुंकर मारली, आपल्या फळीवर ठेवली आणि बंडल पुरं केलं.