धुतलेली तीस अंडी

अंडी तपासनीस पंचवीस वर्षं अंडी दिव्यासमोर धरत आले होते. आतली हवेची पोकळी, बलकाची सावली, कवचावरची केसाएवढी चीर, सगळं त्यांना दिसे. बायकोच्या मनातलं तेवढं दिसत नसे. तसला दिवा सरकारने अजून पुरवला नव्हता.

उतारवयात बाईंनी हौसेनं सहा कोंबड्या पाळल्या. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "काकू, तुमची अंडी आनंदानं ठेवीन, पण पहिल्या प्रतीचा शिक्का हवा." बाईंनी आठवडाभराची तीस अंडी तपासणी केंद्रात नवऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातची वस्तू दुकानात लागणार होती.

तपासनिसांनी पहिलंच अंडं उचललं. आरशासारखं लखलखीत.

"अगं, हे धुतलंस?"

"मग! तपासनिसाच्या घरची अंडी बरबटलेली आणू? कोमट पाण्यात, मऊ फडक्यानं. एकेकाला आंघोळ घातलीय."

तपासनिसांनी डोळे मिटले. कवचावर नैसर्गिक थर असतो. धुतलं की तो जातो आणि जंतूंना दार उघडं. धुतलेल्या अंड्याला पहिली प्रत नाही, असा नियमच होता.

"दुसरी प्रत. बेकरीत जातील."

"तीसच्या तीस?"

"तीसच्या तीस."

रांगेतला पोल्ट्रीवाला हळूच म्हणाला, "साहेब, आज बाहेरच जेवा."

पुढचे चार दिवस घरात फक्त तीन शब्द बोलले गेले: हो, नाही आणि मीठ.

पाचव्या सकाळी बाईंना खुराड्यातून गलका ऐकू आला. नवरा गुडघे टेकून ओला पेंढा उपसत होता आणि एक कोंबडी त्याचा अंगठा टोचत होती.

"अहो, काय चाललंय?"

"जागा कोरडी असली की अंडं स्वच्छच मिळतं. धुवावं लागत नाही."

"हे त्या दिवशी सांगायला तोंड शिवलं होतं?"

"त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो."

कोरड्या पेंढ्याचा भारा मात्र बाईंनीच आणून दिला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीस अंडी. तपासनिसांनी प्रत्येक अंडं दोनदा दिव्यासमोर धरलं, घाम पुसला. एकोणतीस शिक्के उमटले. तिसावं त्यांनी बाजूला ठेवलं.

"आता त्याला काय धाड भरली?"

"आत रक्ताचा ठिपका आहे. खाल्लं तर काही होत नाही, पण शिक्का नाही मिळत."

बाईंनी एकोणतीस शिक्क्यांकडे डोळे भरून पाहिलं. मग ते तिसावं रुमालात गुंडाळलं.

"लवकर या घरी. अर्धं अर्धं खाऊ."