घसरला की गेला

मुळगावच्या संजनाच्या सगळ्या कथा आजवर साभार परत आल्या होत्या. दिवसभर डिचोलीत औषधांच्या दुकानात उभं राहायचं आणि संध्याकाळी लिहायला बसायचं, असा तिचा क्रम होता. शेवटची कथा तिने थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर लिहिली. दत्तप्रसाद खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात गंजत राहिला आणि एके सकाळी दत्तप्रसाद खाणीच्या खड्ड्यातल्या पाण्यात सापडला. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. गावानेही तेच मानलं. संजनाने कथेत तेच लिहिलं होतं.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. माणसं जिवंत आहेत, पण शेवटाला तुम्ही नजर चुकवता, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तो घसरला की गेला? तुम्हाला तरी माहीत हवं."

संजनाला माहीत होतं. बाराव्याच्या दिवशी बहिणीने, प्रभावतीने, मागच्या पडवीत तिला सांगितलं होतं. जाताना त्याने घड्याळ काढून ठेवलं होतं आणि झोपलेल्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला होता. संजनाने शेवट पुन्हा लिहिला. नावं बदलली, गाव धारगळ केलं. लिहिलेलं वाचताना आपल्याला खरंच लिहिता येतं, असं तिला पहिल्यांदा वाटलं. बहिणीला विचारावं, हेही मनात आलं होतं. ती नको म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

अंक वाचनालयात आला आणि गावभर फिरला. बदललेल्या नावांनी कोणीच फसलं नाही. प्रभावतीच्या मुलीचं, श्रद्धाचं, पेडण्याला लग्न ठरत आलं होतं. बापाने जीव दिलेल्या घरात सोयरीक नको, असा तिकडून निरोप आला.

संजना बहिणीकडे गेली. प्रभावती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी तुका रडान सांगलेलां, संजू," ती म्हणाली. "लिवक नाय."

श्रद्धा आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, बाबान माज्या डोक्यावरसून हात फिरयलेलो, तां खरां?"

आईने तिला कधीच काही सांगितलं नव्हतं, हे संजनाला तेव्हा कळलं. ती हो म्हणाली. श्रद्धा आत गेली आणि दाराला कडी लागली.

थंडीत एका प्रकाशकाने कथासंग्रह मागितला. तीच कथा पहिली हवी, असं त्याचं म्हणणं होतं. ती सोडून चालेल का, असं संजनाने विचारलं. तिच्याशिवाय पुस्तक होणार नाही, असं तो म्हणाला. संजनाने नकार दिला. मग जुन्या कथा काढून वाचल्या आणि त्याचं बरोबर होतं, हे तिला पटलं.

पुढच्या चवथीला दरवर्षीसारखं गणपतीचं बोलावणं प्रभावतीकडून आलं नाही.