दोन इंचांचं वैर

“याला दहा इंचांची रिम द्या. अगदीच अडलं तर नऊ. त्याखाली गेलात तर हा कुणाची गय करणार नाही.”

लष्कराचं कोठार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचा तो घोगरा आवाज अजून माझ्या कानात आहे. मला कान नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण अपमान झालेल्याला सगळ्या अंगाने ऐकू येतं.

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. लष्करी ट्रकचा. उभा राहिलो तर मोठ्या माणसाच्या छातीला लागेन. कच्चं रबर, धागे आणि पोलादी तारा यांचे थर चढवून मला साच्यात दाबलं, वाफेवर शिजवलं. बाहेर आलो तेव्हा अंगावर रबराचे बारीक केस होते आणि मनात रस्त्याची ओढ होती. पण नशिबात रस्ता नव्हता. मला आणि माझ्या जुळ्या भावाला ‘राखीव’ म्हणून ट्रकच्या पाठीवर चढवलं. इतर टायर चिखल तुडवत होते, नद्या ओलांडत होते. आम्ही दोघं नवऱ्या मुलाच्या मावशीसारखे नुसते बसून. अशी आठ वर्षं गेली. मग लिलाव झाला. न वापरताच आम्ही टाकाऊ ठरलो.

आम्हाला विकत घेतलं ते दादाने, आणि म्हाताऱ्याने रिमेचं बजावलं तेही त्यालाच. महामार्गाच्या वळणावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. दारात दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा हवेचा पंप, आत काळ्या तेलाने चकचकीत झालेली जमीन. दादाचा धाकटा भाऊ खडीचा ट्रक चालवायचा. आणि टायर बसवायची ती दादाची बायको. तिला सगळे वहिनीच म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. तिच्या वडिलांचं टायरचं दुकान होतं, लहानपण तिथेच गेलेलं. टायर उघडायची लांब लोखंडी टॉमी तिच्या हातात पोळपाटावरच्या लाटण्यासारखी फिरे.

पहिल्या दिवशी तिने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि गुणगुणली,

“काळ्या माझ्या गड्या, तुझा केवढा रे घेर
बसशील जिथे नीट, तेच तुझं माहेर.”

आठ वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी तिथेच तिचा झालो.

दादाने मात्र आम्हाला चढवायला चाकांच्या जुन्याच लोखंडी रिमा काढल्या. “अहो, या अरुंद दिसतात,” वहिनी म्हणाली. “आधी आतून मोजा.”

“दिसतात म्हणजे? तुझे डोळे काय फूटपट्टी आहेत?” दादाने खिशातून टेप काढली. “धर रे टोक.”

धाकट्याने टोक धरलं. रिमेच्या बाहेरच्या कडेला, वळलेल्या ओठाच्याही पलीकडे. दादाने दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप ताणली. “साडेनऊ. बघ.”

आता मित्रांनो, तुम्हीच सांगा. खोलीत पलंग मावतो का हे बघायचं तर भिंतीच्या बाहेरून मोजतात का? टायर बसतो तो रिमेच्या दोन ओठांच्या आत. आतून ती रिम भरली असती फक्त आठ इंच.

“आतून मोजा ना,” वहिनी पुन्हा म्हणाली. “टायरची कड आत टेकते, ओठावर नाही.”

“ते तुझ्या बापाच्या दुकानात. इथे मी मोजतो.” टेप खिशात गेली. “सकाळी खडी पोचवायची आहे. बसव.”

धाकटा टेपकडे बघत होता. त्याला कळलं होतं. पण थोरल्यापुढे तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. वहिनीने आम्हाला बसवलं. शेवटची हवा भरताना तिचा हात दोनदा थांबला.

दहा इंचांच्या बैठकीचा मी, आठ इंचांत कोंबला गेलो. दोन्ही कडा आत ओढल्या, पोट फुगलं, पाठीला कुबड आलं. सपाट टेकायचं ते पाऊल गोल झालं आणि फक्त मधला पट्टा रस्त्याला लागू लागला. वळणावर आम्ही जेलीसारखे डुलायचो. “स्टिअरिंग तरंगतंय,” धाकटा म्हणायचा. “हळू चालव,” दादा म्हणायचा. वर्षभर हेच औषध चाललं.

मग एका उतारावर, भर दुपारी, खडीने भरलेला ट्रक वळला आणि माझ्या जुळ्याची कड रिमेवरून निसटली. हवा एका फटक्यात गेली. ट्रक खड्ड्यात कलंडला. धाकट्याचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि माझा भाऊ चिंध्या होऊन पडला. पुढे त्याला कापून कुणीतरी चपलांचे तळ केले. ज्याला आयुष्यभर चालायचं होतं, तो असा चालला.

लोक जमले. “काय झालं हो?” दादाने घाम पुसला आणि म्हणाला, “माप बरोबर होतं. हिने बसवताना चूक केली.”

“मी आतून मोजा म्हणाले होते,” वहिनी म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिने धाकट्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले. पाय दुखत होता हे खरं. पण डोळे त्यासाठी मिटले नव्हते.

त्या दिवशी मी वैर धरलं.

दादाने मला फाटकाशी अर्धं पुरलं आणि वरच्या अर्ध्याला चुना फासला. का, ते मला बरोबर ठाऊक होतं. माझा मधला पट्टा टकलासारखा गुळगुळीत झाला होता आणि दोन्ही कडांवर जन्माचे केस शाबूत होते. जाणकाराने एकदा पाहिलं तरी समजेल की रिम अरुंद होती. माझं अंगच माझी साक्ष होतं आणि दादाला ती झाकायची होती.

मी चुना अंगाला लागूच दिला नाही. उन्हात फुगलो, थंडीत आकसलो, पापुद्रे पाडले. दादा वर्षातून दोनदा कुंचला घेऊन यायचा. मी आठवड्यात काळा. “हा टायर करंटा आहे,” तो म्हणायचा. मी म्हणायचो, अजून फास. तुझा हात दुखेल, माझं काही जात नाही. माझ्या पोटात पाणी साठायचं, त्यात डास व्हायचे. ते मी खास दादाच्या खाटेकडे पाठवायचो, असं मला वाटतं.

वहिनीचं मात्र दिवसेंदिवस वाईट होत गेलं. मोठे टायर बाहेरच्या फिटरकडे जाऊ लागले. तिच्याकडे सायकली उरल्या. लोक तिला ‘पायमोडी वहिनी’ म्हणू लागले. धाकटा लंगडत पंपाशी बसायचा. तीन वर्षांत तो तिच्याशी चार शब्द बोलला नाही. तिचं गुणगुणणंही थांबलं.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. टायर जपून वापरा, हवा तपासा, हे तर कराच. पण मोजायचं ते आतून मोजा, आणि चुकलं तर आपल्या तोंडाने सांगा. ती चूक दुसऱ्याच्या गळ्यात घातलीत, तर फाटकापाशी कुणीतरी वाट बघत बसतं.

मग एका सकाळी पाण्याचा टँकर आला. चालवणारे मिशीवाले काका लष्करातून निवृत्त झालेले. त्यांना माझ्याच जातीचे चार टायर बसवून हवे होते.

“मालक, तेवढं एक,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “वहिनींचा हात नको. ऐकलंय आम्ही.”

वहिनी दोन पावलांवर होती. तिने टॉमी पुसली आणि फळीवर ठेवली. “बरं झालं. आजपासून मी टायरला हात लावणार नाही. सायकलीच्यासुद्धा.”

दादाने मान डोलावली. काका परत टँकरकडे निघाले आणि माझ्यापाशी थबकले. वाकले. बोटाने माझा मधला पट्टा चाचपला, मग कडेचे केस.

“अहो मालक, हा तर अरुंद रिमेवर पळालाय. नऊच्याही खाली. हे बसवण्यातलं नाही, मापातलं आहे. माप कुणी घेतलं होतं?”

पंप धापा टाकत होता. दादाचा चेहरा चुन्यासारखा झाला. तीन वर्षं मी ज्याची वाट पाहिली, ते माझ्यासमोर उभं होतं. आणि खरं सांगतो, मला गोड लागलं.

“हिनेच,” दादा म्हणाला. “तेव्हा नवशिकी होती.”

वहिनीने पदराला हात पुसले. ती घराकडे वळली.

धाकट्याने पंप बंद केला. काठी न घेता उठला, लंगडत आला आणि तिच्या वाटेत उभा राहिला.

“वहिनी, थांबा. काका, तुम्हीही ऐका. माप दादाने घेतलं. टेपचं टोक माझ्या हातात होतं, मी ते बाहेरच्या कडेला धरलं होतं. या दोनदा म्हणाल्या, आतून मोजा. मी ऐकलं होतं.”