नववा स्क्रू

"अहो, आधी मला विचारायचं तरी!" बायको दबक्या आवाजात करवादली. "बाबा त्या विमानाचा विषयसुद्धा काढू देत नाहीत, आणि तुम्ही ते त्यांच्या पुढ्यातच आणून ठेवलंत?"

जावयाचा छंदच तो. गडी दिवसभर दातांच्या कवळ्या घडवायचा आणि घरी आला की विमानांची छोटी मॉडेलं. सासरे युद्धात लढाऊ विमानावर फिटर होते. त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांचंच विमान त्यांना द्यावं, असं याच्या डोक्यात शिरलं. बायकोच्या पेटीतला तळहाताएवढा फोटो त्याने मोठा करून घेतला आणि आठ महिने डोळ्यांचं पाणी करून हे वीतभर विमान उभं केलं. खरं विमान गेलं ते परत आलंच नाही, एवढंच घरात ठाऊक होतं. पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाबा मॉडेलवर वाकले. धुराड्यांमागची काजळी त्यांनी पाहिली, बसायच्या जागेतले दोऱ्याएवढे पट्टे पाहिले. मग पंखाच्या मुळाशी उडालेल्या रंगाकडे बोट केलं.

"ही जागा आमच्या बुटांनी झिजवली. बरी दिसली तुम्हाला."

जावयाच्या जिवात जीव आला, पण तो घटकाभरच. बाबांचं बोट इंजिनाच्या झाकणाशी येऊन थबकलं.

"या रेघा तुम्ही मनाने काढल्यात?"

"नाही, बाबा. फोटोत आहेत. डाव्या झाकणाला नऊ स्क्रू, प्रत्येकावर एक रेघ. फोटोत काळ्या दिसतात, लाल रंग तेवढा माझा अंदाज."

"लालच होत्या." बाबा आणखी खाली वाकले. "पण नऊ? नीट मोजल्यात?"

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याला पळून जावंसं वाटलं.

"ती माझी खूण," बाबा म्हणाले. "स्क्रू पक्का आवळला की मगच रेघ ओढायची. आधी कधीच नाही. त्या सकाळी भोंगा वाजला, पायलट धावत येऊन चढला, आणि मी बाजूला झालो. शेवटचा स्क्रू आवळला की नाही, ते काही केल्या आठवेना. विमान गेलं. संध्याकाळपर्यंत आम्ही वाट बघितली. झाकण सुटलं असेल तर... बावन्न वर्षं हेच डोक्यात. फोटो त्याच सकाळचा, विमान निघतानाचा, पण एवढ्याशा फोटोत काही दिसायचं नाही. आणि दिसलं असतं तरी बघायचं धाडस नव्हतं."

जावयाने मोठा फोटो आणि भिंग आणलं. विमान धावपट्टीकडे निघालेलं, डावी बाजू पुढे. बाबा नखाने मोजू लागले. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा लेकीला मोजायला लावलं.

"नऊ आहेत, बाबा," ती म्हणाली.

"आवळला होता," बाबा म्हणाले. "आवळला होता गं मी."

मग कशाने पडलं, हे कुणी विचारलं नाही. बाबा लहान मुलासारखे हमसून रडले, आणि लेकीला इतकं हलकं वाटलं की तीही रडली. जावयाला मात्र डोळे पुसायला हातरुमाल सापडेना.

"बावीसचा होता तो पायलट," बऱ्याच वेळाने बाबा आपणहून म्हणाले. "चढताना शिट्टी वाजवायचा. काय बेसूर, विचारू नका!"

आणि ती कशी वाजवायचा, तेही ते ओठ आवळून दाखवू लागले.