सगळ्यात कमी तोट्याचा खेळ

मी कॅल्क्युलेटर आहे, तोही जुना. बावीस वर्षांपूर्वी हृषीकेश इंजिनिअरिंगला लागला, तेव्हा त्याने मला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून घेतले. माझी बटणे झिजली, पण माझे एकही उत्तर आजवर चुकलेले नाही. मित्रांनो, याचा मला फार अभिमान होता. आता त्याचीच चीड येते.

हृषीकेशबरोबर मी डब्लिनला आलो. तो औषधांच्या कारखान्यात लागला. तिथे काहीही घ्यायचे तर तीन कोटेशने मागवायची, तक्ता करायचा आणि सगळ्यात स्वस्त ते निवडायचे. ही सवय त्याने शहराच्या सिटीवेस्ट भागातल्या भाड्याच्या घरातही आणली. दरवर्षी विजेची कंपनी बदलायची, गाडीचा विमा बदलायचा. पैसे वाचले की तो मला कौतुकाने थोपटायचा आणि मी फुगून जायचो.

मग घरमालकाने घर विकायला काढले. लेकीची, शर्वाणीची शाळा समोरच होती. "आपणच घेऊया ना रे," असा तिच्या आईने, चैत्रालीने हट्ट धरला. डिपॉझिटला, म्हणजे घरासाठी आधी भरायच्या रकमेला, साठवलेले पैसे थोडे कमी पडत होते. तेवढे भरून काढायला या शहाण्याने ऑनलाइन ब्लॅकजॅक, म्हणजे पैसे लावून खेळायचा एकवीस गुणांचा पत्त्यांचा खेळ, शोधला, आणि खेळण्याआधी चक्क त्याचा तक्ता केला!

रविवारची दुपार होती. कुठे पत्त्यांचे किती कॅट वापरतात, पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर पाच युरोंवर सहा देतात की दोनावर तीन, पत्ते वाटणारा डीलर सतरा गुणांवर थांबतो का, सगळे त्याने माझ्याकडून मोजून घेतले. पहिल्या खेळात शंभर युरोमागे दोन युरो जात होते, दुसऱ्यात सत्तर सेंट, तिसऱ्यात पन्नास. प्रत्येक उत्तराआधी मी वजाचे चिन्ह दाखवले होते.

"हृषी, हा जुगार आहे," चैत्राली म्हणाली.

"अगं, जुगार बाकीचे खेळतात. मी कम्पेअर केलंय. शंभराला फक्त पन्नास सेंट!"

खेळ स्वस्त म्हणून त्याने डाव मोठे लावले. सुरुवातीला जिंकलाही. मग हरलेले परत मिळवायला आणखी मोठे लावले. सात आठवड्यांत सगळे डिपॉझिट गेले. घर दुसऱ्याने घेतले. हे तिघे शहराच्या दुसऱ्या टोकाला, सँट्रीत एका खोलीत आले. शर्वाणी आता शाळेसाठी दोन बस बदलते. मला त्याने तक्त्यासकट स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, फेकले. जणू मीच हरवले त्याला!

परवा गणिताच्या परीक्षेसाठी शर्वाणीने मला बाहेर काढले. तक्ताही सापडला. ओट्याशीच उभी राहून तिने तिन्ही उत्तरे पुन्हा काढली आणि चहा पीत बसलेल्या बापाला विचारले,

"बाबा, दे आर ऑल मायनस. सो व्हाय डिड यू पिक वन?"

चैत्रालीचा लाटणारा हात थांबला. हृषीकेशने माझा पडदा अंगठ्याने पुसला. वजाची रेघ तिथेच होती.

मित्रांनो, मला धुळीत ठेवलेत तरी माझी तक्रार नाही. यांतले स्वस्त कोणते, हे मी केव्हाही सांगेन. पण मुळात घ्यायचे का, हे आधी घरातल्या माणसांना विचारा. त्याचे बटण माझ्याकडे नाही.