मन्मथअप्पांची पाटी

क्षमेसारखं थोर काही नाही, हे सांबप्पा आडत्याला मनापासून मान्य होतं. बन्सीधर सेठला क्षमा करायचं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. फक्त आधी सूड उगवून घ्यायचा होता.

सांबप्पाचं कापसाच्या आडतीचं दुकान गल्लीत आत होतं, तर बन्सीधरचं मानवतच्या रस्त्यावर, फाट्याच्या तोंडाशी. खेड्यांतून येणाऱ्या गाड्या आपसूक बन्सीधरच्या दारात सुटायच्या. म्हणून निजामी अमलात, फसली तेराशे एकावन्न साली सांबप्पानं फाट्यावर खांब रोवून पत्र्याची पाटी लावली: 'मन्मथअप्पा सांबप्पा, कापसाची आडत. आत वळा.' मन्मथअप्पा हा त्याचा बाप. तो वारला होता, पण धंद्यात नाव अजून त्याचंच चालत होतं.

बन्सीधर गावच्या कमिटीचा मेंबर होता. पुढच्याच बैठकीत रस्त्याकडेच्या यच्चयावत पाट्यांवर कराची पट्टी बसली. गावात पाटी एकच होती.

सांबप्पानं ती खांबावरून भिंतीवर नेली, तर कलमात भिंत आली. गाडीला बांधली, तर गाडी आली. शेवटी त्यानं बैलाच्या झुलीवर नाव रंगवलं, तेव्हा बन्सीधरनं कारकुनाला समोर बसवून एकदाचं पक्कं लिहून घेतलं: 'जाहिरात लाकडावर, पत्र्यावर, जनावरावर अथवा अन्य कशावरही असो, मालकी कुणाचीही असो, ज्या असामीचे नाव दिसेल तिच्याकडून दर नगास पाच रुपये वसूल व्हावेत.'

सांबप्पानं छदाम भरला नाही. कमिटीचा दारोगा चंद्रभान येऊन पाटी जप्त करून गेला. नेमकं त्याच आठवड्यात कमिटीच्या संडासाचं दार मोडलं होतं. पत्रा मापात बसला. अक्षरं बाहेरच्या अंगाला ठेवायची सूचना बन्सीधरची. 'आत वळा' हे आता सगळ्या गावाला लागू झालं.

"सांबा," आई भागम्मा म्हणाली, "तुज्या बापाच्या नावाला लोक आतून कडी लावायलेत, आन् तू जेवायलास?"

सांबप्पानं ताट सारलं.

रुईच्या गठाणींवर व्यापाऱ्याचं नाव उमटवायला जिनिंगात कापलेल्या अक्षरांचे पत्रे असतात. पत्रा धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा. बन्सीधरच्या नावाचा पत्रा सांबप्पानं तिथल्या हमालाकडून एका दिवसापुरता मिळवला आणि मल्हारी धनगराच्या मेंढवाड्यात जाऊन बसला.

"काय लिवायलात, अप्पा?"

"बन्सीधर."

"त्या सेठचं नाव? आन् माज्या मेंढरावर? डोस्कं बरं हाय न्हवं तुमचं?"

"लय बरं हाय. त्या काळीला तेवढी सोड, तिच्यावर दिसंना. बाकीच्या धर. दोन पोती सरकी देतो."

सरकीचं नाव निघाल्यावर मल्हारीनं डोक्याची चौकशी थांबवली. "पर दोन्ही कुशींवर कशापायी?"

"पाटीला दोन बाजू असत्यात."

दुसऱ्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष म्हणून तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले, तो त्यांचा टांगा फाट्यावरच अडकला. समोर दीडशे मेंढ्या होत्या, आणि एक काळी सोडली तर झाडून साऱ्या बन्सीधरच्या नावाच्या. चंद्रभाननं कुणी न सांगता मोजायला सुरुवात केली.

"हुजूर, ये मेंढे मेरे नहीं!" बन्सीधर धोतर सावरत धावत आला.

"छाप किसकी है?"

बन्सीधरची नजर बाजूला गेली. शेजारच्या गाडीत त्याच छापाच्या त्याच्या गठाणी होत्या. छाप नाकारावी, तर गठाणीही जात होत्या.

"सेठजी, कलम तुमीच लिवलंय," सांबप्पा हात जोडून म्हणाला. "जनावरावर असो, मालकी कुणाचीबी असो. आमी नुस्तं वाचून दाखवायलाव."

"कायदा है तो वसूल करो," तहसीलदारसाहेब म्हणाले. त्यांना जेवायला उशीर होत होता.

"हुजूर, एक मेंढी पाठीमागनं आली," चंद्रभान म्हणाला. "पहिल्यापासनं मोजतो."

त्याच संध्याकाळी तातडीची बैठक भरली. पाट्यांवरची पट्टी, बसवल्या तारखेपासून, रद्द झाली. ठराव मांडला बन्सीधरनंच.

पाटी काढायला सांबप्पा स्वतः गेला. आत कमिटीचा कारकून होता. सांबप्पाला थांबायचं काही कारण दिसलं नाही. कारकून ओरडत राहिला, सांबप्पा खिळे उपसत राहिला.

पाटी चिंचेनं घासून धुतली. भागम्मानं तिला विभूती लावली. मग ती फाट्यावर, बन्सीधरच्या गादीवरून थेट दिसेल अशी, पहिल्यापेक्षा हातभर उंच रोवली. ठरल्याप्रमाणे सांबप्पानं बन्सीधरला क्षमा केली.

हंगाम लागला. पहिली गाडी पाटीखाली थांबली. गाडीवानानं मान वर करून पाटीकडे नीट बघितलं, तिच्या सावलीत बिडी ओढली आणि बन्सीधरच्या दारात नेऊन गाडी सोडली. मागच्या गाड्याही तिथंच सुटल्या.

त्या वाटेनं येणाऱ्या एकाही गाडीवानाला वाचता येत नव्हतं.