पुठ्ठ्याचा मदरबोर्ड

धाकटीच्या घरात कुठलीही वस्तू थेट येत नसे. आधी तिचा पुठ्ठा यायचा.

फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तीन आठवडे पुठ्ठ्याचा फ्रीज उभा होता. दार उघडून, वाकून, खालच्या कप्प्यात हात घालून सगळ्यांना सराव करावा लागला. आत्याने सवयीने त्यात दूध ठेवलं आणि ते नासल्यावर कंपनीला नावं ठेवली. सोफ्याच्या वेळी पुठ्ठ्याच्या सोफ्यावर बसायचं नव्हतं, फक्त त्याला वळसा घालून जायचं होतं, तरी एक पाहुणे बसलेच. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत.

हा नियम बाबांचा. ते पुलांच्या कचेरीत चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते आणि त्या कचेरीत पुठ्ठ्याच्या नमुन्याशिवाय एकाही पुलाचा नकाशा पुढे सरकत नसे.

"चौतीस वर्षांत माझा एक पूल पडला नाही," बाबा म्हणायचे.

"बांधले किती?" आत्या विचारायची. ती बाबांची मोठी बहीण. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे समोरच्याचं बोलणं नेमकं कुठे तोडायचं हे तिला ठाऊक होतं.

"सहा."

"मग सहा पडले नाहीत असं म्हण."

आईला या नियमात काही वावगं दिसत नसे, कारण ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि दिवसभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे नमुने घडवायची. खरे दात तिने कामावर क्वचितच पाहिले होते.

अशा घरात धाकटीने कॉम्प्युटर जुळवायला घेतला. ती भौतिकशास्त्राची पदवीधर. नरसाळ्यातून वाळू पडताना मध्येच का अडकते, याचं गणित तिने मांडलं होतं. एका संशोधन प्रयोगशाळेत एकच जागा होती आणि उमेदवार दोन. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की दहा लाख कणांचा हिशोब करून तीस तारखेला संध्याकाळी सहाच्या आत पाठवा, मग बोलू. धाकटीचा जुना लॅपटॉप दोन हजार कणांनंतर केस वाळवायच्या यंत्रासारखा आवाज करायचा आणि तीन हजारांना बंद पडायचा. नव्या मशीनला हे काम नऊ दिवस लागणार होतं. म्हणजे एकवीस तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत मशीन सुरू व्हायलाच हवं. एकवीस तारखेनंतर कॉम्प्युटर आला काय नि न आला काय, सारखंच.

प्रोसेसर, पंखा, मेमरी, ग्राफिक कार्ड, वीजपुरवठ्याचा डबा हे सगळं घरात येऊन पडलं होतं. मागवताना बाबा गावाला गेले होते, म्हणून जमलं. राहिला मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीवर हे सगळं बसवायचं ती पाटी. धाकटीने चार बोर्ड निवडून ठेवले होते आणि खरं तर पहिल्याच दिवशी तिचं ठरलं होतं: तिसरा. त्यावर मेमरीच्या चार खाचा होत्या आणि प्रोसेसरला नऊ दिवस न थांबता वीज पुरवायची ताकद होती. बाकी तिन्हींवर रंगीत दिवे जास्त होते.

तेवढ्यात बाबा परतले.

"चारही बोर्डांचे पुठ्ठे करू," ते म्हणाले. "मग ठरव."

"बाबा, ठरलंय."

"ठरलंय कशावरून? हातात घेऊन पाहिलायस?"

"नकाशा पाहिलाय. मापं दिलेली आहेत."

"मापं पुलांचीही दिलेली असतात."

त्या दिवशी सात तारीख होती आणि धाकटीने मनाशी हिशोब केला की चार पुठ्ठे चार दिवसांत होतील. बाबांनी चष्मा पुसला, कटर काढला आणि कामाला लागले. खऱ्या वस्तूंची खोकी फोडायला त्यांनी मनाई केली, कारण सील तुटलं की वस्तू परत जात नाही. त्यामुळे पंखा, मेमरी, कार्ड सगळंच पुठ्ठ्याचं झालं. आईने हौसेने प्रोसेसरवरच्या पंख्याचा एक नमुना प्लास्टरमध्येही ओतला. तो नेमका नऊशे ग्रॅमचा होता आणि त्याच्या कडा, आईच्या हाताला असलेल्या सवयीमुळे, दाढांसारख्या गोलसर झाल्या होत्या. प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनात सतराशे अठरा बारीक संपर्कबिंदू असतात, असं धाकटीच्या तोंडून निघून गेलं. बाबांनी ते प्रत्येक बोर्डावर अणकुचीदार पेनाने काढले. चार बोर्ड, सहा हजार आठशे बहात्तर ठिपके. आत्या पुन्हा मोजून घ्यायची आणि एखादा कमी निघाला की "कृपया पुन्हा प्रयत्न करा" असं जुन्या आवाजात सांगायची.

चौदा तारखेला चाचणी झाली. कॅबिनेट तेवढं खरं होतं, बाकी सगळं पुठ्ठ्याचं.

पहिल्या बोर्डावर पंखा मेमरीला धडकला. दुसऱ्यावर ग्राफिक कार्ड तारांच्या जोडणीवर चढलं. चौथ्यावर दोन्ही झालं. तिसऱ्यावर सगळं नीट बसलं, पण कॅबिनेटचं झाकण लागेना. बाबांनी गुडघा लावून दाबून पाहिलं.

"एकही बोर्ड चालणार नाही," बाबा समाधानाने म्हणाले. "बघ, विकत घेतला असतास तर?"

धाकटीने स्टीलची पट्टी आणली आणि पुठ्ठ्याच्या पंख्याची उंची मोजली. एकशे चौऱ्याण्णव मिलिमीटर. तिने माहितीपत्रक उघडलं. एकशे पंचावन्न.

"बाबा, हा सव्वापट उंच आहे."

"असणारच. सगळ्याच उंच्या सव्वापट घेतल्यात. हातचं राखून करायचं असतं."

"पंख्यात हातचं काय राखायचं?"

"पुलावर ठरल्यापेक्षा जास्त माणसं चढली तर?"

"यावर माणसं चढणार नाहीत."

"तुला काय माहीत."

आई मध्ये पडली. "अहो, दातसुद्धा आम्ही सव्वापट करत नाही हो. माणूस तोंड मिटणार कसं?"

हे मात्र बाबांना पटलं. मिटता न येणारं तोंड आणि न लागणारं झाकण यांची त्यांनी मनात तुलना केली असावी. ते म्हणाले, "ठीक आहे. खऱ्या उंचीने पुन्हा करतो. पहिल्यापासून."

"किती दिवस?"

"एका बोर्डाला तीन."

धाकटीने निदान तिसऱ्याचा पुठ्ठा आधी करायचं कबूल करून घेतलं आणि दुकानदाराला फोन करून तो बोर्ड बाजूला ठेवायला सांगितलं. हा दुकानदार कपाळावर कायम भिंग बांधून असायचा, म्हणून त्याला सगळे भिंगवाले म्हणत. गेल्या आठवड्यात बाबांनी त्यांना नऊ वेळा फोन करून बोर्डावरच्या बारीकसारीक डब्यांच्या उंच्या विचारल्या होत्या. एवढी चौकशी करणारं घर आहे तरी कसं, हे बघायला भिंगवाले दुसऱ्या दिवशी बोर्ड पिशवीत घालून स्वतःच आले.

पिशवी त्यांनी उघडलीच नाही. टेबलावरचा पुठ्ठ्याचा बोर्ड पाहिला, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि खुर्चीत बसले.

"हे ठिपके हातानं काढलेत?"

"मोजून घ्या," आत्या म्हणाली.

"साहेब," भिंगवाले बाबांना म्हणाले, "माझ्याकडे रोज माणसं येतात. खोक्यावरचं चित्र बघून हो म्हणतात आणि घरी गेल्यावर बसत नाही म्हणून भांडतात. त्यांना आधी हे असं दाखवता आलं तर?"

बाबांना गेल्या सहा वर्षांत कुणी साहेब म्हटलं नव्हतं. पुलांच्या कचेरीत कॉम्प्युटर आले, नकाशे पडद्यावर निघायला लागले आणि बाबांचं टेबल एका सोमवारी जिन्याखाली सरकलं, तेव्हापासून नाही. त्यांचे कान लाल झाले.

सोळा तारखेला भिंगवाल्यांनी एक गिऱ्हाईक पाठवलं. सतराला तीन. अठराला जिन्यावर रांग लागली, तेव्हा आत्याने पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यांवर आकडे घातले आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. "आपण रांगेत आहात. कृपया थांबा," ती प्रत्येकाला सांगायची. तिची तब्येत एकदम सुधारली होती. बाबा टेबलाशी बसून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "काम काय?" मग ते काम ऐकून बिनठिपक्यांचा साधा पुठ्ठा कापायला घ्यायचे. एक वकीलबाई, एक बँकेतला रोखपाल, दिवे फार हवे असणारा एक न्हावी. भिंगवाले रोज पिशवी घेऊन शेजारी बसत, पण खरे बोर्ड पिशवीतच राहत होते. गिऱ्हाइकं पुठ्ठे बगलेत मारून खुशीत घरी जायची आणि त्यांतली निम्मी खरा बोर्ड न्यायला परतायचीच नाहीत.

तिसऱ्याचा पुठ्ठा अर्धा कापून पडला होता.

"बाबा, माझं?"

"घरचं काय, कधीही होतं. ही माणसं लांबून आलीत."

एकोणीस गेली. वीस गेली. धाकटीने आईकडे वशिला लावून पाहिला. "मी आत काय बोलणार," आई म्हणाली, "माझाच नंबर सतरावा आहे." तिला कशाचा पुठ्ठा हवा होता, हे विचारायचं त्राण धाकटीत नव्हतं.

एकवीस तारखेला सकाळी दहा वाजता धाकटी बाहेर गेली, दार लावून घेतलं आणि आत्याकडून टोकन घेतलं. चौदा. समोर आठ माणसं होती. प्रत्येकाला सरासरी सव्वीस मिनिटं लागतात हे तिने आधीच मोजून ठेवलं होतं. म्हणजे साधारण दीड वाजता. जोडणीला दीड तास, ऑपरेटिंग सिस्टीम चढवायला दोन. पाच. तासाभराची सवड होती. ती जिन्यात उभी राहिली. मागच्या पंधरा नंबरच्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही लांबून आलात?"

"आतल्या खोलीतून," ती म्हणाली.

एक वाजून चौतीस मिनिटांनी आत्याने तिचा आकडा पुकारला. ओळख दाखवली नाही.

बाबांनी मान खाली घालूनच विचारलं, "काम काय?"

"दहा लाख कण," धाकटी म्हणाली. "नऊ दिवस. आज संध्याकाळी सहाला सुरू झालं नाही, तर माझी जागा दुसऱ्याला जाईल."

बाबांनी मान वर केली. सात तारखेपासून घरात सगळे याच कॉम्प्युटरवर राबत होते, पण तो कशासाठी हवा हे त्यांनी विचारलंच नव्हतं, आणि ते रोज सगळ्यांना विचारत असलेला प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारला गेला होता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"दहा लाख खरे कण?"

"नाही. आकड्यांचे. नमुनाच आहे तो."

"म्हणजे तूही पुठ्ठेच करतेस."

"हो. पण ते कापायला मला खरं यंत्र लागतं."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुझ्या बोर्डाचा पुठ्ठा उद्या दुपारपर्यंत होईल. त्याच्या आधी नाही होणार. घाईत ठिपके चुकतात."

"मग पुठ्ठ्याशिवाय."

दारापर्यंत आलेली रांग पुढे वाकली. भिंगवाल्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. पंधरा नंबरचे गृहस्थ हळूच म्हणाले, "असं चालतं?"

"एक फॉर्म असायचा," बाबा सावकाश म्हणाले. "नमुन्याशिवाय बांधायचं असेल तर. खाली सही करणाऱ्यानं सगळी जबाबदारी घ्यायची. चौतीस वर्षांत कुणी भरला नाही." त्यांनी एक कोरा कागद ओढला, पट्टीने रेघा मारल्या, रकाने पाडले, काम, कारण, सही, परिणाम. तीन मिनिटं गेली. धाकटी उभी राहिली. रकाने सरळ असल्याशिवाय बाबांना सही करता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. बाबांनी सही केली आणि भिंगवाल्यांना म्हणाले, "काढा पिशवीतून."

जोडणी होईस्तोवर बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. धाकटीने सीलं फोडली. प्रत्येक आवाजाला त्यांचे खांदे थोडे वर जायचे. बोर्ड बसला, प्रोसेसर बसला, मेमरी खटकन बसली, पंखा बसला. झाकण लागलं.

"किती राहिलं?" बाबांनी भिंतीला विचारलं.

"दहा मिलिमीटर."

"माझ्या पुठ्ठ्यात एकोणतीस कमी पडत होते."

"हो."

"बरं," बाबा म्हणाले.

पाच वाजून बावीस मिनिटांनी हिशोब सुरू झाला. रांगेतली माणसं एकेक करून आत डोकावून गेली. खरा बोर्ड काचेतून दिसत होता. "पुठ्ठ्याएवढा उठून दिसत नाही," वकीलबाई म्हणाल्या. पंधरा नंबरच्या गृहस्थांना आत्याने विचारलं, खरा की पुठ्ठ्याचा, तेव्हा त्यांनी खूप विचार करून पुठ्ठ्याचा सांगितला. पण बाबा टेबलाकडे गेले नाहीत. नऊ दिवस खिडकी बंद, असं त्यांनी आत्याला सांगितलं आणि मशीनशेजारी खुर्ची ओढली.

त्या नऊ दिवसांत फ्यूज उडू नये म्हणून घरात कुणी मिक्सर लावला नाही, इस्त्री लावली नाही. आई घरी आणलेले जबडे घेऊन शेजारी वाळवायला जायची. बाबा पडद्यावरचा आकडा बघत बसायचे आणि अधूनमधून धाकटीला विचारायचे की हा कण आता कुठे अडकला, का अडकला. ती सांगायची. एकदा तिने सांगितलेलं त्यांनी खोडून काढलं आणि तिने दुसऱ्या दिवशी तपासलं तर त्यांचं बरोबर निघालं.

तीस तारखेला पाच वाजून पंचवीस मिनिटांनी फाइल गेली. पावणेसहाला बाईंचं उत्तर आलं, एकाच ओळीचं: मिळालं, जागा तुमची, सोमवारपासून या.

धाकटीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आईने प्लास्टरचे हात तसेच तिच्या गालांना लावले. बाबांनी खणातून तो कागद काढला. परिणामाचा रकाना रिकामा होता. पेन उघडून पुलांसाठी लिहीत तेच दोन शब्द त्यांनी सुबक अक्षरात लिहिले.

उभा आहे.